बाणाचे पाते आणि रक्ताचा माग

संध्याकाळी सहा वाजता अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेला उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगितले, की "अहो, येथून आठ-दहा किलोमीटरवर या घटकेला चितळांचा कळप पाण्यावर उतरत असेल", तर तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहील आणि पुढची रिक्षा पकडील. अंधेरीकराला वेळ नसतो. पण गोष्ट खरी आहे. विहार आणि तुळशी या दोन तलावांना पोटाशी धरून पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे आहे. त्यात चितळ आहे, सांबर आहे, कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर आहे आणि सशाहून थोडीशीच मोठी अशी लाजाळू पिसोरीही आहे. मरोळ, आरे, विहार ही नावे आपण बसच्या पाट्यांवर वाचतो, तीच एके काळी शिकाऱ्यांच्या तोंडी असत.

आज त्या रानात हरणाच्या दिशेने बाण सोडणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा हेच योग्य. तरीही बाणाची विद्या ही काय चीज होती, बाण जनावराला मारतो कसा, त्याच्या टोकाशी कोणते पाते असावे, आणि बाण लागल्यावर रक्ताच्या थेंबांवरून जनावराचा माग कसा काढतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण या विद्येचा अर्धा भाग नेम धरण्याचा असला, तरी उरलेला अर्धा जबाबदारीचा आहे. आणि तो अर्धा अजून जुना झालेला नाही.

सुटलेला बाण

हरीण आणि बाण ही जोडी आपल्या मनात फार जुनी. दुष्यंत रंगभूमीवर येतो तो हरणामागे रथ पिटाळीत, आणि "हा आश्रमाचा मृग, याला मारू नकोस" म्हणून तपस्वी आडवे येतात. रामाचा बाण सोन्याच्या हरणावर सुटला आणि रामायणाला कलाटणी मिळाली. पंडूने हरणाच्या जोडीवर बाण सोडला. तो निघाला किंदम ऋषी, आणि त्याच्या शापाने पुढचे सारे महाभारत घडले. दशरथाने पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावणाचा जीव घेतला. जरा नावाच्या व्याधाने झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णाचा पाय पाहिला, त्याला ते हरीण वाटले.

या कथा एकत्र ठेवून पाहा. नेम एकाचाही चुकलेला नाही. चुकले ते पाहणे. नीट न्याहाळण्याआधी बाण सुटला, आणि सुटलेला बाण परत येत नाही. आपल्या पूर्वजांनी धनुर्धराचे इतके कौतुक केले, पण त्याच्या उतावळेपणाची किंमतही त्यांनी राजापासून व्याधापर्यंत प्रत्येकाला मोजायला लावली.

आणखी एक गंमत पाहा. आपण ऑपरेशनला 'शल्यक्रिया' म्हणतो. हे 'शल्य' म्हणजे मुळात बाणाचे टोक, शरीरात रुतून बसलेली परकी वस्तू. सुश्रुतसंहितेत, शरीरात हरवलेले शल्य कसे हुडकावे आणि कसे बाहेर काढावे, यावर स्वतंत्र अध्याय आहेत. म्हणजे जखमेतला बाण काढता काढता आपले एक सबंध वैद्यकशास्त्र उभे राहिले! आणि मराठी माणसाने तो शब्द आणखी पुढे नेला. मनात कायमची सलत राहिलेली गोष्ट, तिलाही आपण 'शल्य'च म्हणतो.

बाणाच्या टोकांचे प्रकार तरी किती! धनुर्वेदाच्या ग्रंथांत आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड अशी दहा फळे सांगितली आहेत. सूचीमुख म्हणजे सुईसारखे, वत्सदंत म्हणजे वासराच्या दातासारखे, क्षुरप्र वस्तऱ्याच्या धारेचे, तर कर्णिक म्हणजे उलट्या काट्यांचे, आत गेले की मांस फाडल्याशिवाय बाहेर न येणारे. या कर्णिकाबद्दल मनुस्मृतीने युद्धातसुद्धा मनाई केली आहे. विषारी आणि पेटते बाणही त्याच मनाईत येतात. मारायचे तर मारा, पण हालहाल करू नका, असा त्यातला भाव. आणि नवल असे, की अमेरिकेतल्या काही राज्यांच्या शिकारीच्या नियमांत आजही उलट्या काट्यांच्या पात्याला बंदी आहे. मनूचे नाव त्या नियम करणाऱ्यांनी ऐकलेही नसेल!

आपल्या दाराशी

धनुष्यबाण पाहायला पुराणापर्यंत जाण्याची तरी काय गरज? बोरिवलीला एकसर गावात शिलाहार-यादवांच्या काळातले सहा वीरगळ आहेत. जहाजांच्या लढाईमुळे ते प्रसिद्ध झाले. पण त्यांतल्या एका शिळेवर, तलवारी उपसलेले दोन घोडेस्वार एका धनुर्धरावर चालून येताना कोरले आहेत. तो पडतो, आणि वरच्या पट्टीत कैलासाला जातो. आपल्या साष्टी बेटावरचा कुणी अनाम तिरंदाज सात-आठशे वर्षे पावसात भिजत तेथे उभा आहे.

आणि शिळेवरचा तिरंदाज सोडला, तर हाडामांसाचे तिरंदाज होते ते रानातल्या पाड्यांवर. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे मुंबई वसण्याआधीपासूनचे. तिरकमठा हे आदिवासींचे घरगुती हत्यार. धनुष्य बांबूचे, आणि कित्येक ठिकाणी त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट कांबीची. पाखरासाठी बोथट लाकडी टोकाचा बाण, कारण पाते लावले तर पाखराच्या चिंध्या होतात. मोठ्या जनावरासाठी लोहाराकडून घडवून आणलेले लोखंडी पाते. कोणत्या जिवाला कोणते टोक, ही निवड त्यांना ग्रंथ न वाचता ठाऊक होती. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. त्या कलेतल्या भिंतीभिंतींवर तुम्हाला हा तिरकमठेवाला दिसेल, पाय फाकून, दोरी कानापर्यंत ओढून उभा.

आडवे धनुष्य

आता थोडे परदेशात डोकावू. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना विचारा. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेतले, हौसेने अंगणात फुलझाडे लावली, आणि सकाळी उठून पाहतात तो काय, कळ्या फस्त! पांढऱ्या शेपटीची हरणे तेथे कोट्यवधींनी आहेत. लांडगे आणि पहाडी सिंह तेथील बहुतेक भागांतून माणसाने कधीच संपवले, तेव्हा हरणांना खाणारे कुणी उरले नाही. ती मोटारींखाली येतात, नवी रोपटी खाऊन रान उजाड करतात, आणि ज्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार माणसांना होतो, तिला पोसतात. घरे दाट असलेल्या वस्तीत बंदूक चालवता येत नाही. म्हणून तेथे धनुष्याला, आणि अलीकडे क्रॉसबोला, परवानगी मिळते.

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. दोरी ओढून खाचेत अडकवायची, आखूड बाण खोबणीत ठेवायचा आणि घोडा दाबायचा. हे हत्यार चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे जुने. युरोपात त्याची एवढी दहशत होती, की ११३९ साली रोमला भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध ते वापरू नये असा आदेश काढला. तो कुणी पाळला नाही, हे सांगायला नकोच.

बाण मारतो कसा?

बंदूक आणि बाण यांत मोठा फरक आहे. मोठ्या रायफलीच्या गोळीत जेवढी शक्ती असते, तिच्या साधारण पंचविसावा हिस्सा आजच्या वेगवान क्रॉसबोच्या बाणात असतो. गोळी धक्क्याने ऊती फोडते. बाण धक्का देत नाही, तो कापतो. रक्तवाहिन्या तुटतात, रक्त वाहते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब उतरतो आणि जनावर शुद्ध हरपून पडते. सत्तर-ऐंशी किलोच्या जनावराच्या अंगात साधारण सहा लिटर रक्त असते. त्याचा तिसरा हिस्सा झपाट्याने गेला की खेळ संपला. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला, तर हे सारे काही सेकंदांत आटोपते. जनावर शंभरएक पावले धावते आणि कोसळते. पण बाण पोटात लागला, तर तेच जनावर तासन् तास तळमळते.

म्हणून सारे काही तीन गोष्टींवर येऊन ठेपते: कुठे लागला, किती धारेचे पाते होते, आणि पुढे शिकाऱ्याने काय केले.

पात्यांत आज दोन मोठी घराणी आहेत. एक अचल पात्यांचे. दोन, तीन किंवा चार पाती टोकाला पक्की बसवलेली. त्यात मोडायला, अडकायला काही नाही. हाडाला लागले तरी ते आत शिरते. पण अतिवेगवान क्रॉसबोवर ही रुंद पाती हवेत पंखासारखी वागतात आणि बाण नेमापासून भरकटतो. दुसरे घराणे मिटलेल्या पात्यांचे. उडताना ती छत्रीसारखी मिटलेली असतात, आणि अंगाला लागताच उघडतात. त्यामुळे बाण सरळ जातो आणि जखमही रुंद होते, दीड-दोन इंचांची. पण उघडण्यात थोडी शक्ती खर्ची पडते, आणि बाण तिरका लागला किंवा खांद्याच्या हाडावर बसला, तर पाते दगा देऊ शकते. क्रॉसबोकडे शक्ती शिल्लक असते, म्हणून तेथे पुष्कळ जण हे दुसरे घराणे पसंत करतात. कमी ताकदीच्या धनुष्याला मात्र पहिलेच बरे. पेनसिल्व्हेनियाचा नियम तर पात्याची रुंदी निदान पाऊण इंचाहून थोडी जास्त, म्हणजे सात अष्टमांश इंच, असलीच पाहिजे असा आहे.

पण घराणे कोणतेही असो, धार नसेल तर सारे व्यर्थ. आपल्या स्वयंपाकघरातला दाखला घ्या. बोथट विळीवर टोमॅटो चिरला तर तो चेंगरतो, धारदार विळीवर सुबक फोड पडते. रक्तवाहिनीचेही तसेच आहे. बोथट पाते तिला बाजूला ढकलते किंवा चेंगरते, आणि चेंगरलेली जखम लवकर गोठते. धारदार पात्याने कापलेली वाहिनी वाहत राहते. ऐकायला क्रूर वाटते, पण दया धारेत आहे, बोथटपणात नाही.

दुसरी गोष्ट दोन भोकांची. शिकारी मचाणावर उंच बसलेला असला की बाण वरून शिरतो. तो आतच राहिला, तर वरच्या एकट्या भोकातून रक्त बाहेर पडत नाही, ते पोकळीत साठते. आरपार जाऊन खालून बाहेर पडला, तर जमिनीवर माग उमटतो. कधी चरबीचा गोळा भोकात बसतो आणि प्राणघातक जखम होऊनही वीस-तीस पावले थेंबसुद्धा सापडत नाही. नवखा शिकारी तेथेच "चुकला बाण" म्हणून घरी जातो, आणि जनावर झुडपामागे मरून पडलेले असते.

रक्त काय सांगते

जाणता शिकारी प्रथम आपला बाण शोधतो. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल, त्यात बारीक बुडबुडे असतील, तर फुप्फुस. गडद, काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट घाण आणि उग्र वास असेल, तर पोट किंवा आतडी. नुसते लालभडक असेल तर बहुधा मांसातली जखम, कदाचित मोठी रोहिणी. सोबत केस सापडतात, तेही बोलतात. पांढरे केस म्हणजे बाण खाली, पोटाच्या बाजूला लागला.

मग थेंब. चालत्या जनावराचा थेंब गोल पडत नाही, त्याला शेपटी येते, आणि ती शेपटी जाण्याच्या दिशेकडे असते. गवताच्या पात्यावर रक्त पुसले गेले असेल, तर त्याच्या उंचीवरून जखमेची उंची कळते आणि बाजूही. माग कधी तुडवायचा नाही, त्याच्या कडेने चालायचे. शेवटच्या थेंबाशी चिंधी बांधायची. माग तुटला, तर तेथून लहान लहान फेरे घेत पुढे सरकायचे. पोटात जखम झालेले जनावर पुष्कळदा पाण्याच्या आसऱ्याला जाते, हे ध्यानात ठेवायचे. जर्मनीत तर अशा मागासाठी कुत्र्यांच्या खास जाती तयार झाल्या आहेत. मौज अशी, की त्याच जर्मनीत अशा जनावरांवर धनुष्यबाण चालवायलाच कायद्याने बंदी आहे!

आणि या साऱ्या विद्येतला सर्वांत अवघड धडा कोणता, तर थांबणे. फुप्फुसाची खूण दिसली तरी अर्धा तास थांबावे. यकृत असेल तर तीन-चार तास. पोट असेल तर सहा-आठ तास, प्रसंगी रात्रभर. कारण जखमी जनावर पाठलाग नसेल तर जवळच दबून बसते आणि तेथेच शांतपणे मरते. मागे पावले ऐकू आली की उठते, आणि अंगात उरलेल्या ताकदीवर मैल-दोन मैल जाते. ते मग कुणालाच सापडत नाही, ते फक्त तळमळते. उतावळेपणाने बाण सोडणे हा पहिला गुन्हा, तर उतावळेपणाने मागे धावणे हा दुसरा.

अमेरिकेत आधुनिक काळात ही विद्या पुन्हा जागी झाली ती एका आदिवासीमुळे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, १९११ साली रानातून बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे शिष्य झाले. धनुष्य कसे करावे, दबा कसा धरावा, हे ते त्याच्याकडून शिकले. इशी १९१६ साली वारला. पोप यांनी १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि पुढचे सारे तिरंदाज त्या पुस्तकावर वाढले. गुरू रानातला, शिष्य शहरातला.

सोडून दिलेल्या जखमेची किंमत

जखमी जनावर सोडून देऊ नये, हा नियम नुसत्या दयेचा नाही. कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली असे सांगतात. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी तिला मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले आढळले. ती जुन्या बंदुकीच्या गोळीची जखम होती. त्या दातांनी तिला नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसावर वळली, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले. कुणा एका शिकाऱ्याने जखम करून सोडून दिलेल्या वाघिणीची किंमत कित्येक गावांनी मोजली. त्या शिकाऱ्याचे नावही कुणाला ठाऊक नाही.

आपल्याकडे शिकारीला आळा घालण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्यात परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने तो जमाना संपत आला. आज फास लावणे, जखमी करणे, इतकेच काय, नुसता प्रयत्न करणेसुद्धा 'शिकार' या व्याख्येत येते, आणि राष्ट्रीय उद्यानात असे करणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. हे कायदे ज्यांच्या आग्रहामुळे आले, त्यांत जुने शिकारीच पुष्कळ होते. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तिच्या पहिल्या पिढीत बंदूक धरणारे हात थोडे नव्हते. खुद्द सालिम अली यांची पाखरांशी ओळख झाली ती एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून.

आणि अमेरिकेसारखी हरणे आपल्या अंगणात का शिरत नाहीत? कारण आपल्याकडे बिबट्या अजून जागेवर आहे. २०१५ साली उद्यान आणि आसपासच्या परिसरात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत ३५ बिबटे आढळले. तो परवाना मागत नाही, पाते निवडत नाही, आणि त्याचा नेम सहसा गळ्यावर असतो.

अंधेरीतला बाण

तर मग मुंबईत बाण संपला म्हणायचा का? नाही. तो अजून सुटतो, आणि तोही अंधेरीत! १० डिसेंबर २०१७ रोजी अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीतल्या एका बालवाडीत बिबट्या शिरला. सुदैवाने दिवस रविवारचा होता. एप्रिल २०१९ मध्ये दुसरा मरोळच्या एका गृहसंकुलात येऊन जिन्याखाली बसला. दोन्ही वेळी उद्यानाचे पथक आले, बेशुद्धीच्या औषधाचा बाण सुटला, आणि जनावर सुखरूप उचलून नेण्यात आले.

हा बाण पाहण्यासारखा असतो. पुढे सुई, मध्ये औषधाची नळी, मागे रंगीत लोकरीचा गोंडा. जुन्या बाणाचेच रूप, फक्त पात्याच्या जागी सुई. आणि त्याचे नियमही तेच. आधी नीट पाहा. जनावर किती वजनाचे, म्हणजे औषध किती, ते ठरवा. मांसल भाग साधा, पोट आणि छाती टाळा. बाण लागला की धावू नका, ओरडू नका. दहा-पंधरा मिनिटे थांबा, कारण घाबरलेल्या जनावरावर औषध नीट चढत नाही. मग हळूच जा.

पण त्या थांबण्याच्या वेळीच आपण नागरिक काय करतो? गच्चीवरून शिट्ट्या मारतो, मोबाईल उंच धरून पुढे सरकतो, गर्दी करतो. बाण सोडणारे आपले काम चोख करतात, मोडतो तो आपण थांबण्याचा नियम. उद्या आपल्या वसाहतीत असा पाहुणा आलाच, तर दारे-खिडक्या लावून मुलांना घरात घ्यावे, वनखात्याला कळवावे, आणि पथकाला ती दहा-पंधरा मिनिटे शांततेत मिळू द्यावी. एवढे केले, तर जनावर आपल्या रानात परत जाईल, मुले आपल्या शाळेत जातील, आणि कुणाच्याच मनात शल्य उरणार नाही.